मोठ्या क्रीडास्पर्धांवर सरकारने जनतेचा पैसा खर्च करावा का?

पैसा द्यावा की देऊ नये, असे तुम्ही विचारले आहे. मला त्याआधीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे तूट आली तर ती कोणी भरायची. स्पर्धा संपल्यावरही लोकांच्या रोजच्या उपयोगी पडेल अशा गोष्टींवर सरकारने अवश्य खर्च करावा. पण खर्च कितीही वाढला तरी आम्ही भरून देऊ, अशी हमी कोणत्याही सरकारने लिहून देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील माँट्रियलमध्ये १९७६ साली ऑलिम्पिक झाले. पुरुषाला जसे मूल होऊ शकत नाही तशी ऑलिम्पिकमध्ये तूट येऊ शकत नाही, असे तेथील महापौर जाँ द्रापो यांनी आधी सांगून ठेवले होते. प्रत्यक्षात स्पर्धा सुरू झाली तेव्हा मुख्य स्टेडियमचा कललेला मनोरा अर्धवटच उभा होता. तो १९८७ मध्ये पूर्ण झाला आणि सगळे कर्ज फिटायला २००६ साल उजाडले. ते फेडण्यासाठी क्वेबेक प्रांताने तंबाखूवर खास कर बसवला होता. म्हणजे स्पर्धेच्या वर्षी जन्मलेले मूल तिशीचे होईपर्यंत तिथला माणूस सिगारेटच्या प्रत्येक पाकिटामागे त्या पंधरवड्याचे पैसे भरत राहिला, मग त्याने एकही सामना पाहिलेला असो वा नसो.

लॉस एंजेलिसने नेमकी हीच हमी नाकारली. १९८४ च्या यजमानपदासाठी शेवटी तेच एक शहर शर्यतीत उरले होते, त्यामुळे अटी घालण्याची ताकद त्याच्या हाती आली. १९७८ मध्ये मतदारांनी शहराच्या सनदेत, म्हणजे त्याच्या कारभाराच्या मूळ नियमावलीत, दुरुस्ती करून, परत मिळण्याची खात्री नसेल तर शहराचा पैसा या कामी वापरू नये, असे ठरवले. आयोजकांनी १९३२ च्या ऑलिम्पिकचेच मुख्य स्टेडियम पुन्हा वापरले आणि अखेरीस वीस कोटी डॉलरहून अधिक रक्कम शिल्लक राहिली. सुरक्षेचा काही भार केंद्र सरकारने उचलला होता, हे मात्र इथे सांगायलाच हवे.

पर्यटन वाढते, रोजगार मिळतो, हा युक्तिवाद मला पुरेसा वाटत नाही, कारण गर्दी आणि महागाई टाळण्यासाठी नेहमीचे पर्यटक त्या काळात येत नाहीत आणि बांधकामावरची कामे काही महिन्यांत संपतात. बार्सिलोनाची गोष्ट वेगळी आहे. १९९२ च्या ऑलिम्पिकच्या निमित्ताने तिथे कारखान्यांनी आणि रेल्वेमार्गांनी अडवलेला समुद्रकिनारा लोकांसाठी खुला झाला; असा खर्च मी आनंदाने मान्य करीन, कारण तो मुळात शहरावरचा खर्च होता. याउलट २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी ब्राझीलने मानाउसमध्ये चाळीस हजारांहून अधिक आसनांचे स्टेडियम उभारले, तिथे विश्वचषकाचे चार सामने झाले, आणि त्या शहराचा एकही संघ तेव्हा देशाच्या अव्वल साखळीत खेळत नव्हता. मला खेळ मनापासून आवडतो, म्हणूनच अशी ओस पडलेली मैदाने पाहवत नाहीत.

करारावर सही करण्यापूर्वी लोकांना विचारावे. जर्मनीतील हॅम्बुर्गने ऑलिम्पिक भरवावे का यावर २०१५ मध्ये सार्वमत घेतले, लोकांनी नकार दिला आणि शहर वेळीच बाजूला झाले. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०२६ च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे यजमानपद आधी स्वीकारले आणि खर्चाचा अंदाज दुपटीहून अधिक वाढल्यावर २०२३ मध्ये सोडले. तोवर सही झालेली असल्याने त्या राज्याला, एकही शर्यत न होता, ३८ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली.