सासूबाईंचा रोजचा काढा: काय ठेवावं, काय थांबवावं

वडगावच्या ताईंनी काय विचारलंय ते आधी थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. सासूबाई ६४ वर्षांच्या, बीपीची आणि साखरेची गोळी चालू. कोरोनाच्या साथीपासून सकाळ-संध्याकाळ काढा घेतात. त्यात तुळस, सुंठ, मिरी, दालचिनी, पिंपळी, गुळवेल आणि ज्येष्ठमध. वर मोठा चमचाभर च्यवनप्राश. आता चार महिन्यांच्या नातवालाही गुटी सुरू करू म्हणतात. ताई काही बोलल्या की "झाडपाल्याचं आहे, त्यानं काय होतंय" एवढंच उत्तर मिळतं आणि घरात वाद होतो.

मी वैद्य नाही. बेळगावच्या शहापुरात आमचं काष्ठौषधीचं, म्हणजे वाळलेल्या मुळ्या-साली-पाल्याचं दुकान. सासऱ्यांच्या हाताखाली शिकले आणि पुढं २६ वर्षं स्वतः पुड्या बांधल्या. एवढ्या वर्षांत कोण काय नेतं, किती दिवस नेतं आणि काय तक्रार घेऊन परत येतं, हे बघून जे कळलं ते सांगते. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी-जास्त करू नका.

ज्येष्ठमध आजच काढून टाका. बाकीच्याचं सावकाश बघू, याचं नको.

हे मी आईवरनं शिकले. आई येळ्ळूरला राहायची, रोज संध्याकाळी देवळात हरिपाठाला बसायची. आवाज बसतो म्हणाली म्हणून मी दुकानातनं ज्येष्ठमधाच्या काड्या पाठवायला लागले. ती दिवसभर एखादी काडी चघळायची, शिवाय चहातही घालायची. चार-पाच महिन्यांत तिचं बीपी वर राहायला लागलं. गोळी वाढवली, तरी उतरेना. पाय जड झाले, पिंडऱ्यांत गोळे यायला लागले. शेवटी एका डॉक्टरांनी नीट बसवून विचारलं, "आजी, दिवसभरात तोंडात काय काय जातं?" तेव्हा काडी निघाली. ज्येष्ठमध शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर घालवतं. काडी बंद केल्यावर काही आठवड्यांत आकडे खाली आले. माझ्या आईला ते मी दिलं होतं, माझ्या हातानं, मायेनं. त्या दिवसापासून ज्येष्ठमधाची पुडी बांधताना मी प्रत्येकाला विचारते, "घरात बीपी कुणाला आहे?"

घसा धरला म्हणून तरण्या माणसानं दोन-चार दिवस काडी चघळली तर काही बिघडत नाही. बीपीच्या माणसानं रोज घेणं वेगळं. त्यात बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल तर पोटॅशियम आणखी खाली जातं.

आता पिंपळी. जे लोक आयुर्वेदाचं नाव घेऊन ती रोज पितात, त्यांना मी चरकसंहितेचंच सांगते. पिंपळी, क्षार आणि मीठ ही तीन द्रव्यं फार प्रमाणात, फार काळ वापरू नयेत असं चरकानं नावं घेऊन लिहून ठेवलंय. पिंपळी रसायन, म्हणजे ताकद वाढवणारं औषध म्हणून देतात, तीही पायरीपायरीनं, ठरावीक दिवस, वैद्याच्या नजरेखाली. म्हणजे "किती दिवस?" हा प्रश्न काही इंग्रजी औषधवाल्यांनी काढलेला नाही, तो आयुर्वेदाच्याच पोटातला आहे. मात्रा, काळ, ऋतू, माणसाची प्रकृती हे सगळं बघून द्यायचं ते औषध. ते सोडून नुसती मुळी-साल तेवढी उचलली तर आयुर्वेद मागंच राहिला.

२०२० मध्ये आयुष मंत्रालयानं जो काढा सुचवला त्यात चारच वस्तू होत्या: तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २ आणि मिरी १. याची ३ ग्रॅम भुकटी दीडशे मिली पाण्यात, दिवसातनं एकदा किंवा दोनदा. पिंपळी, गुळवेल, ज्येष्ठमध त्यात नव्हतं. ते मोबाईलवरच्या निरोपांतनं एकेक करून आत आलं आणि आमच्यासारख्या दुकानदारांनी विकलंही. साथ सरली, काढा राहिला. पुष्कळ घरांत तो आता चहासारखाच झालाय. दालचिनीचंही एक सांगते. बाजारात जी जाड, खरबरीत, स्वस्त साल मिळते त्यात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं आणि ते रोज जास्त पोटात गेलं तर यकृताला सोसत नाही. मसाल्यात चिमूटभर पडते तिची काळजी नको.

गुळवेलीबद्दल लोकांची श्रद्धा मोठी आहे, माझीही आहे. पण २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला सूज आल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं पडलं की गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरात आली असावी. तुम्हाआम्हाला दोन्ही बाजूंनी अर्थ एकच: ओळख पटल्याशिवाय आणि मुदत ठरवल्याशिवाय घेऊ नये. ओल्या गुळवेलीची वरची साल कागदासारखी सुटते आणि आडवा काप चाकाच्या आऱ्यांसारखा दिसतो. वाळलेले तुकडे किंवा भुकटी झाली की ओळखणं अवघड, हे मी दुकानदार असून सांगते.

आपल्या भागात ओळखीचा घोळ जास्त, कारण एकेका झाडाला दोन भाषांतली नावं. गुळवेलीला कन्नडमध्ये अमृतबळ्ळी म्हणतात, अडुळशाला आडुसोगे, हिरड्याला अळलेकाई. मराठी बाई ब्राह्मी मागते तेव्हा तिच्या मनात एक झाड असतं, कन्नड शेजारीण ओंदेलग म्हणते तेव्हा दुसरं. गोल पानाची ती मंडूकपर्णी. बारीक, जाडसर पानांची, पाणथळ जागी पसरणारी ती वेगळी. ब्राह्मी दोघींनाही म्हणतात. चटणी करून खायला दोन्ही चालतात, पण औषध म्हणून कुणी लिहून दिलं असेल तर पान दाखवूनच घ्या. अडुळशाचं मात्र मनापासून सांगते, खोकल्याला त्याचं नाव उगाच झालेलं नाही. त्यातल्या व्हासिसिन या द्रव्यावरनंच ब्रोमहेक्सिन तयार झालं, आणि ते आज कितीतरी खोकल्याच्या औषधांत असतं.

साखरेची गोळी घेणाऱ्या माणसानं मेथीचं पाणी, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची भुकटी असलं काही सुरू केलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं. गोळी आणि हे मिळून साखर एकदम खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हातपाय थरथरणं, डोळ्यांपुढं अंधारी असं झालेल्या माणसांना आमच्या ओट्यावर बसवून साखर खायला दिलेली आहे. च्यवनप्राशात साधारण निम्मी साखर असते, तो सासूबाईंना नको. थंडीत ताजे आवळे आले की उकडून, हळद लावून द्या. मिठातला आवळा बीपीला बरा नाही.

एवढं सगळं बंद करायला सांगितलं तर सासूबाईंना वाटणार, सुनेनं आपल्या हातातलं सगळंच काढून घेतलं. म्हणून काय ठेवायचं ते जास्त महत्त्वाचं. आणि ठेवण्यासारखं पुष्कळ आहे, त्यातलं बरंचसं तर चुलीवरच आहे.

आता पावसाचे दिवस. बेळगावचा पाऊस, त्यात खानापूरकडची झड, चार-चार दिवस ऊन दिसत नाही. या दिवसांत अग्नी मंद होतो असं आयुर्वेद म्हणतो आणि आपलं पोटही तेच सांगतं. हलकं, गरम, ताजं खायचं. माझ्या मते पावसाळ्यात हुलग्याच्या माडग्याएवढं गुणाचं काही नाही. हुलगे भाजून, भरडून, दळून ठेवायचे. पाण्यात पीठ कालवून शिजवायचं, लसूण-जिऱ्याची फोडणी, थोडी सुंठ, बेताचं मीठ. संध्याकाळी वाटीभर माडगं आणि मऊ भात. काढा घेतल्याचं समाधान त्यात आहे, पोटही भरतं. गुळाचं माडगं मात्र साखरेच्या माणसाला देऊ नका. सकाळच्या काढ्याच्या जागी गवती चहाची पात आणि आल्याचा बारीक तुकडा घालून कपभर पाणी उकळून द्या. चुलीवर भांडं ठेवायची, वास यायची सवय मोडत नाही, आणि मला वाटतं सासूबाईंना त्या वासाचीच ओढ जास्त असेल.

हळद भाजीत पडते तेवढी पुरे, मिऱ्याबरोबर ती अंगाला जास्त लागते. तयार पूड घेण्यापेक्षा हळकुंडं घेऊन कांडप गिरणीवर दळून आणा. रायबाग-चिकोडीकडं हळद पिकते, चांगली हळकुंडं मिळायला अडचण नाही. डोळ्यांत भरणाऱ्या पिवळ्याजर्द पुडीला भुलू नका. हळदीला रंग यावा म्हणून लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार झालेले आहेत, आणि ते शिशाचं विष आहे.

रात्री झोप नीट लागत नसेल तर काशाची वाटी काढा. पुष्कळ घरांत ती माळ्यावर पडून असते. तळपायाला थोडं तीळतेल किंवा तूप लावून वाटीनं दहा-दहा मिनिटं हलक्या हातानं चोळायचं. डोकं, कान आणि पाय यांना तेल आवर्जून लावावं असं आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथकारानं, वाग्भटानं, दिनचर्येत सांगितलंय. साखरेच्या माणसाचे पाय आधी उजेडात नीट बघा. भेग, फोड, जखम असेल तर वाटी लावू नका, कारण पुष्कळदा त्यांना दुखलेलं कळत नाही. चोळून झालं की तेल पुसा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, मगच त्यांना खाली उतरू द्या. तेलकट पायानं न्हाणीत जाऊन पडलेली दोन म्हातारी माणसं आमच्या गल्लीतच आहेत.

त्रिफळा विचारलेला नाही, पण पुढचा प्रश्न तोच येतो. पोट साफ होत नसेल तर अर्धा चमचा रात्री कोमट पाण्याबरोबर, पंधरा दिवस. पातळ झालं की थांबायचं. वर्षानुवर्षं नको.

बाळाला गुटी नको. सहा महिने फक्त आईचं दूध, हे डॉक्टर सांगतात ते ऐका. सहाणेवर वेखंड-जायफळाचा वेढा जरा जास्त फिरला तर तेवढ्याशा जिवाला किती गेलं हे कुणालाच कळत नाही. गुटीत मध घालतात, आणि मध तर वर्षाच्या आत बाळाला द्यायचाच नाही, त्यानं बोटुलिझम, म्हणजे अंग लुळं पाडणारी विषबाधा होऊ शकते. ओवा-शेपांची धुरीही नको, कोवळ्या छातीला धूर सोसत नाही. आजीनं बाळाला तेल लावावं, पायांवर घेऊन न्हाऊ घालावं. ते काम आजीसारखं कुणाला जमत नाही, आणि त्यांना तसं म्हणून दाखवा.

पावसाळ्यात ताप तीन दिवसांवर गेला, किंवा डोळे पिवळे दिसले, तर घरच्या उपायांत वेळ घालवू नका. भाताच्या चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा धोका असतो. खेड्यांत अजून नाकात थेंब सोडून कावीळ उतरवतात. नाकातनं जे पिवळं पाणी येतं ते पोळलेल्या आतल्या त्वचेचं असतं, काविळीचं नव्हे.

सासूबाईंना तुमच्यापेक्षा वैद्यांचं पटेल. शहापुरात १९३३ पासूनचं आयुर्वेद महाविद्यालय आहे, जोडीला रुग्णालय आहे. तिथं त्यांना घेऊन जा आणि जाताना काढ्याच्या सगळ्या पुड्या, च्यवनप्राशचा डबा आणि चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घाला. पुड्यांवर नाव नसेल तर वास आणि रंग बघून त्यातलं काही ते ओळखू शकतील, सगळंच नाही. मग तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनाही तीच पिशवी दाखवा. ज्येष्ठमध बंद झाल्यावर बीपी उतरलं तर गोळीचं प्रमाण त्यांनाच ठरवू द्या. एक साधी वही करा. वर ज्येष्ठमध बंद केल्याची तारीख, खाली रोज सकाळी एकाच वेळी घेतलेलं बीपी, निदान तीन आठवडे. आकडे मला इथं कळवलेत तर बरं वाटेल.