बॅसल ओळखायचं ते दारावरून

उत्तर इंग्लंडमधल्या नॉर्दम्बरलंडातलं जुनं दगडी कोठार आणि खरं बॅसल यांत फरक कसा करायचा, असा प्रश्न आहे. जाड भिंती कोठारालाही असतात, त्यामुळे आधी दारं शोधा.

बॅसल म्हणजे इंग्लंड-स्कॉटलंड सरहद्दीवरच्या खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्याचं दुमजली घर: खाली गुरं, वर माणसं. बहुतेक सोळाव्या शतकाच्या अखेरची नि सतराव्याच्या सुरुवातीची. आपल्याला लगेच गढी आठवते, पण गढी देशमुखाची, शिबंदी बाळगणाऱ्याची. इथे वेढा झेलायचाच नव्हता. रीव्हर, म्हणजे सरहद्दीवरच्या लुटारूंच्या टोळ्या रात्री गुरं हाकायला आल्या, की मदत येईपर्यंत काही तास काढले म्हणजे झालं.

घर बाहेरून साधारण ३५ बाय २५ फूट, भिंती ४ फुटांच्या आसपास. गोठ्याचं मूळ दार बहुधा आखूड भिंतीत आणि अरुंद. माळ्याचा किंवा दगडी कमानीचा भार लांब भिंतींवर पडतो, म्हणून ही बाजू सोयीची. चौकटीच्या आत हात घालून बघा, अडसराची भोकं लागतील. एका बाजूचं चांगलं खोल, समोरचं उथळ: अडसर एरवी खोल भोकात सरकवून ठेवायचा, दार लावलं की ओढून समोर अडकवायचा. लावणारा मग छतातल्या झडपेतून शिडीने वर जाई आणि शिडी ओढून घेई.

दार लाकडी, त्यामुळे हल्लेखोर त्याला पेंढा लावून पेटवत. म्हणून काही घरांत दाराच्या माथ्यावर, वरून पाणी ओतायला भिंतीतूनच वाट ठेवलेली असते. ती सापडली तर वादच मिटला. खालच्या अरुंद फटींना मात्र गोळ्या झाडायच्या जंग्या समजू नका, त्या गोठ्याच्या हवेसाठी.

माणसांचं दार वर, लांब भिंतीत. बाहेरचा दगडी जिना पुष्कळदा नंतरचा, आधी शिडीच. १६०३ साली दोन्ही देशांना एकच राजा मिळाला, पुढे छापे थांबले, तशी लोकांनी सोय बघितली. होलीस्टोनजवळच्या वुडहाउसेसच्या दारावर १६०२ कोरलंय, म्हणजे अगदी काठावरचं.

बघायला टार्सेट खोऱ्यातलं ब्लॅक मिडन्स सोपं. छप्पर नाही, पण गोठ्याचं बुजवलेलं मूळ दार टोकाच्या भिंतीत दिसतं. दर्शनी लांब भिंतीतली दोन खालची दारं नंतर फोडलेली. त्याच खोऱ्यात गेटहाउसला दोन बॅसलं आहेत, पण ती खासगी शेतावर, तेव्हा रस्त्यावरूनच बघा.