स्ट्रिपर: नागवी की नागवलेली?

प्रश्न असा आला आहे: ‘स्ट्रिपरच्या कामाला स्त्रीचं शोषण म्हणावं की सक्षमीकरण? यातला योग्य शब्द कोणता? आणि स्ट्रिपरला मराठीत काय म्हणायचं?’

स्ट्रिपर म्हणजे क्लबात गिऱ्हाइकांसमोर नाचत कपडे उतरवणारी व्यक्ती. आधी ‘शोषण’. या शब्दाची बातम्यांनी पार वाट लावली आहे. अत्याचार, विनयभंग, बलात्कार, सगळ्यावर ‘लैंगिक शोषण’ हे एकच गुळगुळीत पांघरूण. त्यामुळे ‘स्ट्रिपरचं शोषण’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फक्त शरीर येतं. तिची मजुरी, तिचे तास, तिच्याकडून कापून घेतलेले पैसे कुणाच्या डोक्यातही येत नाहीत. वास्तविक शोषण हा हिशेबाचा शब्द आहे. शुष् म्हणजे वाळणे, त्याचं प्रयोजक रूप म्हणजे वाळवणे, ओलावा ओढून घेणे. घशाला शोष पडतो तो हाच. जाता जाता: मदनाच्या पाच बाणांपैकी एकाचं नाव शोषण आहे. तिथे वाळतो तो बाण लागलेला, म्हणजे या प्रकरणात टेबलाशी बसलेला गिऱ्हाईक! हे कुणी लक्षात घेत नाही.

‘सक्षमीकरण’बद्दल थोडक्यात. ‘सक्षम’ अशुद्ध आहे, नुसतं ‘क्षम’ म्हणा, असं सांगणाऱ्या शुद्धिवाद्यांनी कृपया दुसरा उद्योग शोधावा. शब्द रुळला, विषय संपला. खरी भानगड ‘सक्षम’ला ‘करण’ जोडताना मध्ये येणाऱ्या ‘ई’ची आहे. संस्कृत व्याकरणात या प्रत्ययाला च्वि म्हणतात आणि त्याचा अर्थ अभूततद्भाव, म्हणजे जे नव्हतं ते होणं. शुद्धीकरण अशुद्धाचं होतं, एकत्रीकरण विखुरलेल्यांचं. तेव्हा सक्षमीकरण म्हणताना तुम्ही गृहीत धरता की बाई आधी अक्षम होती आणि कुणीतरी, इथे चक्क क्लबानं, तिला सक्षम केलं. नाचून घरभाडं भरणाऱ्या, शिक्षणाचा खर्च उचलणाऱ्या बाईला हे सांगून पाहा.

म्हणजे दोन्ही शब्द अपुरे. आता ज्या शब्दासाठी मी हे लिहायला बसलो तो: नागवणे.

नागवणे म्हणजे लुबाडणे. कर्जात नागवला, भागीदारानं नागवलं, पेंढाऱ्यांनी गाव नागवलं. आज आपण हा शब्द फक्त पैशाच्या संदर्भात वापरतो आणि त्याच्या पोटात ‘नागवा’ दडलाय हे विसरतो. नग्न, मग प्राकृतात णग्ग, मग मराठीत नाग-. जोडाक्षर सुटलं की आधीचा स्वर लांबतो. अग्नीची आग झाली आणि लग्नचं लाग- झालं ते याच नियमानं. नागडा, नागवा, नागवणे ही सगळी एका घरची भावंडं. इथे एक विद्वान हमखास उठतात आणि ‘नाग कात टाकतो, म्हणून नागवा’ असं ठणकावून सांगतात. एका व्याख्यानात टाळ्या घेताना मी हे स्वतः ऐकलं आहे. मग ‘नागडा’मधला ‘डा’ कुठल्या सापाचा? सरड्याचा? कल्पना सुंदर असली की व्युत्पत्ती खरी ठरत नाही. नागवणे हा शब्द आता जुना झाला, लोकांना कळत नाही, म्हणणाऱ्यांनाही तेच उत्तर: ज्यांना गंडवणे कळतं त्यांना नागवणेही कळेल, वापरून बघा.

माझ्या मते हा अर्थ वाटमारीतून आला. कापड महाग होतं त्या काळात लुटारू अंगावरचे कपडेही सोडत नसत, म्हणून लुटलेला माणूस घरी यायचा तो नागवा. आणि हे एकट्या मराठीचं वेड नाही. इंग्रजीतल्या ‘स्ट्रिप’चं जुनं रूप पाहिलं तर तिथेही अर्थ सापडतो लुटण्याचा, ओरबाडून घेण्याचा. त्याहून गंमत ‘रोब’ची. झगा या अर्थाचा हा शब्द आणि लूट या अर्थाचा ‘रॉब’ एकाच जर्मानिक मुळाचे आहेत. रोब म्हणजे मुळात लुटीत मिळालेलं वस्त्र! न्यायाधीशाच्या अंगावरचा रोब बघताना मला दर वेळी हसू येतं.

तर स्ट्रिपर या शब्दात लूट आधीपासूनच बसलेली आहे. प्रश्न एवढाच की नागवतो कोण आणि नागवलं जातं कोण. कपडे ती आपल्या हातानं उतरवते. तिथे कर्ता तीच, कर्मही तीच, आणि अशा क्रियेला नागवणे म्हणत नाहीत. नागवणूक पुढे होते, क्लबच्या पैसे भरायच्या खिडकीशी. अमेरिकेतल्या बहुसंख्य क्लबांमध्ये नर्तकी कागदोपत्री नोकर नसतात, स्वतंत्र कंत्राटदार असतात. म्हणून पगार नाही, आजारपणाची रजा नाही. उलट कामाची पाळी सुरू करण्यासाठी त्याच क्लबाला पैसे मोजतात. त्याला हाउस फी म्हणतात. वरून डीजे, बाउन्सर, बारवाला यांना आपल्या टिपांतला वाटा द्यायचा, तो टिप-आउट. रात्र मंदीची गेली तर नाचून, दमून ती घरी जाते ती क्लबाचं देणं डोक्यावर घेऊन. कामावर येण्यासाठी कामगारानं मालकाला पैसे द्यायचे! याला ‘नागवणे’ नाही म्हणायचं तर कशाला?

2024 साली वॉशिंग्टन राज्यात स्ट्रिपरांच्या हक्कांचा कायदा झाला, तो नेमका याच जागी बोट ठेवतो: क्लबानं किती पैसे घ्यावेत याला मर्यादा, आणि न भरलेली फी पुढच्या पाळीवर चढवायला मनाई. आइसलँडनं 2010 मध्ये दुसरं टोक गाठलं. कर्मचाऱ्यांच्या नग्नतेतून धंद्यानं नफा कमवायचा नाही, असा कायदा करून क्लबच बंद केले. बंदी मला पटत नाही, पण त्या वाक्यात ‘नफा’ आहे, याला दाद द्यायलाच हवी.

उलट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्ये काय पाहिलं? इंडियानातल्या एका क्लबाच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं की राज्य पूर्ण नग्न नाचाला मनाई करू शकतं. स्तनाग्रं झाकणाऱ्या चकत्या आणि एक चिंधी एवढं हवंच. मराठीला हा भेद केव्हापासून ठाऊक आहे. कमरेच्या वर वस्त्र नसलेला तो उघडा, काहीच नसलेला तो नागडा. ‘नागड्यापाशी उघडा गेला आणि सारी रात्र हिवानं मेला’ ही म्हण त्या भेदावरच उभी आहे. नर्तकी उघडी चालेल, नागडी नको, एवढाच त्या निकालाचा मराठी अनुवाद. फीबद्दल त्यात अवाक्षर नाही.

आता सॅन फ्रान्सिस्कोतलं ‘लस्टी लेडी’ हे नग्ननाचाचं ठिकाण घ्या. तिथे काचेपलीकडे नाच चाले, गिऱ्हाईक अलीकडच्या खोपटात. काही काचांतून फक्त गिऱ्हाइकाला पलीकडचं दिसे, नर्तकींना गिऱ्हाईक दिसत नसे. त्यांच्याआडून लोक चोरून चित्रण करू लागले. नर्तकींची हरकत कपडे उतरवण्याला नव्हतीच; होती ती या चोरीला आणि मनमानी कारभाराला. 1996 मध्ये त्यांनी कामगार संघटनेच्या बाजूनं कौल दिला, 2003 मध्ये ते ठिकाण विकत घेऊन सहकारी तत्त्वावर चालवलं. नाच तोच, काच तीच, गल्ला मात्र त्यांचा. 2013 मध्ये ते बंद पडलं, तेही जागामालकाशी भाड्यावरून फिस्कटल्यावर. याला सक्षमीकरण म्हणायचं असेल तर त्यातला कर्ता कोण ते आधी सांगा. ‘संघटित झाल्या’ म्हणा, ‘मालक झाल्या’ म्हणा. साधी क्रियापदं असताना ‘-करण’ कशाला?

हे काम करायला जिला धाकानं किंवा कर्जाच्या सापळ्यात अडकवून आणलं, तिच्याबाबतीत ‘शोषण’सुद्धा मवाळ आहे. तिथे वेठ म्हणा, गुलामी म्हणा.

राहिला प्रतिशब्द. ‘विवस्त्र नर्तकी’ सरकारी वाटतं, ‘कपडे उतरवणारी’ म्हणजे धोबीघाटावरची कुणी वाटते. स्ट्रिपरच म्हणा. वायर सोलणाऱ्या अवजारालाही स्ट्रिपरच म्हणतात, पण गोंधळ होईल अशी वेळ क्वचितच येते. शब्द उभयलिंगी आहे: तो स्ट्रिपर, ती स्ट्रिपर. आणि अनेकवचन डॉक्टरसारखं चालवा: स्ट्रिपर आल्या, स्ट्रिपरांना, स्ट्रिपरांचं. ‘स्ट्रिपर्सना’ लिहिलंत तर इंग्रजी आणि मराठी अशी दोन अनेकवचनं एकावर एक चढतात.