पोर्श ९११ मध्ये खरा बदल कोणत्या पिढीत झाला?

इंजिन हवेऐवजी पाण्याने थंड होऊ लागले तेव्हाच पोर्शची ९११ ही स्पोर्ट्स कार खऱ्या अर्थाने बदलली का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते नाही. १९९७ साली ९९६ या सांकेतिक क्रमांकाच्या पिढीत आलेला तो बदल मोठा होता, पण निर्णायक बदल १९६९ च्या मॉडेलमध्येच झाला होता, आणि तो अवघ्या ५७ मिलिमीटरचा होता.

एका स्नेह्यांची १९६७ सालची ९११ मी बंदिस्त ट्रॅकवर चालवत होतो आणि नुकताच पाऊस पडून गेला होता. उजवीकडच्या लांब वळणात, तिसऱ्या गिअरमध्ये, वेग जास्त वाटला म्हणून मी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला. त्याच क्षणी गाडीचे नाक आत वळले, मागची बाजू बाहेर फेकली गेली आणि मी स्टिअरिंग उलटे फिरवेपर्यंत गाडी गर्रकन फिरून, आलेल्या दिशेकडे तोंड करून गवतात थांबली. स्नेही धावत आले, गाडीला ओरखडाही नाही याची खात्री केली आणि म्हणाले, "दोष गाडीचा नाही, तुमच्या पायाचा आहे." हे वाक्य ते आजही ऐकवतात आणि मला ते आजही मान्य नाही.

९११ चे इंजिन मागच्या आसाच्याही मागे असते. पाय उचलताच भार पुढे सरकतो, मागच्या टायरांची पकड सुटते आणि मागचे वजन लंबकासारखे बाहेर झुकते. हे पोर्शच्या अभियंत्यांनी केव्हाच ओळखले होते. म्हणूनच पुढचा भार वाढवण्यासाठी आधी पुढच्या बंपरमध्ये वजने बसवली गेली आणि मग १९६९ च्या मॉडेलमध्ये, इंजिन जागेवरच ठेवून, मागची चाके मागे नेऊन व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर, २२११ वरून २२६८ मिलिमीटर केला गेला. पुढे वजन राहावे म्हणून पुढच्या दोन कोपऱ्यांत दोन बॅटऱ्याही आल्या. केवळ चालकांचे पाय चुकत असते, तर एवढा खटाटोप कोणी कशासाठी केला असता? ९९३ या पिढीचे मागचे मल्टिलिंक सस्पेन्शन (प्रत्येक चाक अनेक दांड्यांनी धरून ठेवणारी रचना) आणि २०११ च्या ९९१ या पिढीत आणखी १०० मिलिमीटरने वाढलेला व्हीलबेस ही त्याच वाटेवरची पुढची पावले आहेत.

अर्थात मागच्या याच वजनामुळे वळणातून बाहेर पडताना ९११ ला विलक्षण पकड मिळते, त्यामुळे इंजिन तिथे नसावे असे मी म्हणणार नाही. मात्र जुनी गाडी घ्यायची असेल तर १९६९ चे किंवा त्यानंतरचे मॉडेल घ्या. आणि आखूड व्हीलबेसची गाडी दुसऱ्याच्या हाती देताना वळणात पाय उचलू नका हे मालकाने आधी सांगायला हवे. मला ते गाडी गवतात थांबल्यावर सांगण्यात आले.