जुन्या डिझेल जीपचा सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) दुरुस्त होतो का, की सरळ नवीनच टाकावा?

होतो. तुमचा मेकॅनिक म्हणतोय, "आता याचं काम कुणी करत नाही, अख्खा बदला." हे वाक्य मी आमच्या दादाच्या तोंडून इतकी वर्षं ऐकतोय, की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

तुम्ही लिहिलंय, चावी फिरवली की नुसतं 'टक' होतं, चार वेळा मारल्यावर कधीतरी उचलतो. बॅटरी नवी आहे. मग बॅटरीच्या मायनसपासून इंजिनपर्यंत जाणारी अर्थिंगची पट्टी कुणी बघितली का? नसणार. कुणीच बघत नाही.

आमच्या आबांची महिंद्राची कमांडर जीप होती. कराड-पाटण वडाप (सीटवर प्रवासी नेणं) करायची, पुढे घरच्या वापराला राहिली. पाटणकडचा पाऊस तुम्हाला माहीत असेल, चिखल इंजिनाखाली महिनोन् महिने ओला राहतो. एका पावसाळ्यात सेल्फ जड फिरायला लागला. दादा गाडी एका गॅरेजला घेऊन गेला आणि संध्याकाळी नवा सेल्फ बसवून आला. जुना गॅरेजवाले भंगारात टाकत होते, तो मी दुसऱ्या दिवशी जाऊन गोणपाटात गुंडाळून घरी आणला. त्यावरून घरात बोलाचाली झाली, ती आजही मिटलेली नाही.

पुढचा पावसाळा यायच्या आत नवा सेल्फही 'टक' करायला लागला. तेव्हा मी मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खांबावर धरली, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर, आणि पुतण्याला सेल्फ मारायला सांगितलं. काटा दोन व्होल्टच्या पुढे गेला. तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर दिसता कामा नये. पट्टी वरून धडधाकट दिसत होती, पण बोल्ट काढून लग, म्हणजे टोकाची कडी, वाकवला तर आतल्या तारा हिरव्या पडून निम्म्या तुटलेल्या. सेल्फला पुरता करंट मिळत नव्हता. व्होल्ट कमी पडले की सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला करंट जोडणारा स्विच, धड ओढत नाही, आत ठिणग्या उडतात आणि करंट जोडणारी तांब्याची चकती जळत जाते. नवा सेल्फ असाच गेला.

मग मी पट्टी बदलली आणि गोणपाटातला जुना सेल्फ कराडच्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेला. त्यांनी आर्मेचर (सेल्फच्या आतला फिरणारा, तारा गुंडाळलेला भाग) ग्रोलर नावाच्या तपासणीच्या यंत्रावर ठेवलं, वर हॅक्सॉची पाती धरून सावकाश फिरवलं. कॉइल शॉर्ट असेल तर त्या जागी पाती थरथरते. थरथरली नाही. मग आर्मेचरच्या अंगावरचे चकचकीत ओरखडे बोटाने दाखवले: बुश, म्हणजे ज्यात त्याचा दांडा फिरतो त्या नळ्या, झिजल्यामुळे ते बाहेरच्या स्थिर फिल्डला घासत होतं, म्हणून जड. नवे बुश त्यांनी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवले, कारण ते सच्छिद्र असतात, तेल पितात, आणि कोरडे ठोकले तर लवकर जातात. कार्बन बदलले, ते कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा कम्युटेटर लेथवर हलका घेतला, सोलेनॉइडची चकती उलटी करून बसवली. नव्याच्या पाव किमतीत काम झालं आणि आजही जीपला तोच सेल्फ आहे.

दादाचं म्हणणं, "तो पट्टीमुळे चालतोय, तुझ्या दुरुस्तीमुळे नाही." अरे, मग पट्टीच बदलायची होती ना! बुश-कार्बनचं काम निघालं असतं, तेवढंच. जुनी वस्तू खोलून बघणं म्हणजे चिकटपणा, हे ज्यांनी ठरवून टाकलंय त्यांना मीटरचा काटाही पटत नाही.

तर तुम्ही आधी मीटर लावा, प्लसच्या वायरलाही तसाच. सेल्फ उतरवायच्या आधी बॅटरीचा मायनस काढा. सेल्फ नुसता गरगर फिरून इंजिन उचलत नसेल तर दोष बहुतेक बेंडिक्सचा, म्हणजे इंजिनाच्या दात्यांत अडकणाऱ्या सेल्फच्या गिअरचा. ते बदलून टाका, पण डिझेलमध्ये धुऊ नका, आतलं ग्रीस निघून जातं. गाडी गिअरमध्ये थोडी ढकलल्यावर सेल्फ लागत असेल तर फ्लायव्हीलची रिंग, म्हणजे इंजिनाच्या जड चाकावरचं दातेरी कडं, बघा. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक दोन ठराविक जागीच थांबतं, दातही तिथेच झिजतात.

आता हेही सांगतो: आर्मेचर जळून काळं पडलं असेल, कम्युटेटरवरचे डाग, म्हणजे तारांचे सोल्डर केलेले जोड, सुटले असतील, तर रिवाइंडिंगच्या, म्हणजे तारा नव्याने गुंडाळून घ्यायच्या, नादी लागू नका. चांगलं करणारा जवळ असेल तर गोष्ट वेगळी. सेल्फ मॅग्नेटवाला असेल तर त्यावर हातोडी मारू देऊ नका, मॅग्नेट तडकतात. आणि रात्री-अपरात्री पेशंट न्यायची गाडी असेल तर नवा घ्या, मी अडवणार नाही. फक्त रंग मारलेला जुना गळ्यात पडत नाही ना ते बघा, पक्की पावती घ्या, आणि तुमचा जुना सेल्फ मागून घ्या. तो तुमचा आहे, गॅरेजचा नाही.