वरातीची घोडी आणि अडकणारी वाटी

प्रश्न : आमच्याकडे वरातीची पाच वर्षांची घोडी आहे. चातुर्मासात काम नसल्याने ती तबेल्यातच बांधलेली होती. महिनाभरापासून सकाळी बाहेर काढताना तिचा मागचा उजवा पाय काठीसारखा ताठ मागे राहतो, खुराचे टोक जमिनीवर घासते आणि मग टक्‌कन आवाज होऊन पाय सुटतो. एक शीर कापली की हे कायमचे बरे होते, असे ओळखीचे घोडेवाले सांगतात. तुळशीच्या लग्नाआधी उरकून घ्यावे का? – एक वाचक, मालाड

उत्तर : वर्णनावरून घोडीची वाटी, म्हणजे माणसाच्या गुडघ्यावर असते तसे सांध्यावरचे सुटे हाड, अडकत असावी. ही वाटी मागच्या पायाच्या वरच्या, पोटालगतच्या सांध्यात असते. तिला खालच्या हाडाशी बांधणाऱ्या तीन अस्थिबंधांपैकी आतला अस्थिबंध मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर अडकवूनच घोडा उभ्या उभ्या विसावतो. पण मांडीचे स्नायू सैल पडले, की अडकलेली वाटी उचलून सोडवण्याइतका जोर त्यांच्यात राहत नाही. काही जनावरांचे मागचे पाय मुळातच फार सरळ असतात, त्यांना हा त्रास लवकर होतो. तुमच्या घोडीच्या बाबतीत मात्र माझा पहिला संशय चार महिन्यांच्या बैठ्या मुक्कामावरच आहे.

घोडेवाले ‘शीर’ म्हणतात, तो हाच अस्थिबंध. गुंगीचे औषध देऊन, जागा बधिर करून, घोडी उभी असतानाच लहानशा छेदातून तो कापता येतो. काम थोडक्यात होते, पण नंतर वाटीवरचा ताण बदलतो, आणि घाईने कामाला लावल्यास तिच्या खालच्या टोकाचे तुकडे पडून घोडी लंगडी होऊ शकते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर निदान दोन-तीन महिने विश्रांती द्यावी लागते. तुळशीच्या लग्नाचा मुहूर्त त्यात बसत नाही. अस्थिबंध पूर्ण न तोडता त्यात बारीक चिरा देऊन तो जाड होऊ देण्याचीही पद्धत आहे. शस्त्रक्रिया करावीच लागली, तर आधी या चिरांच्या पद्धतीविषयी विचारावे.

त्याआधी परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात क्ष-किरण तपासणी करून सांध्यात दुसरा दोष नाही ना, हे पाहून घ्या. तो नसेल, तर रोज सरळ रस्त्याने चालवणे, हळूहळू दुडकी चाल आणि हलका चढ, पुरेसा खुराक, आणि जाणत्या नालबंदाकडून खुरांची नीट छाटणी, एवढे काही आठवडे नेटाने करा. जागच्या जागी वळवणे टाळा. पाय अडकला, तर चाबूक उगारून पुढे हाकू नका. छातीला हात लावून घोडीला दोन पावले मागे रेटा, बहुधा वाटी सुटते.