वाचकांचे प्रश्न : नॅनोकणांवरील संशोधन

प्रश्न : मी असेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले आहे. लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकण तयार करून त्यांच्या साहाय्याने पाण्यातील मेथिलीन ब्लू हा रंग काढून टाकणे, असा विषय मला पीएच.डी.साठी सुचवण्यात आला आहे. तो घ्यावा का? आणि त्यासाठी इंदूर सोडून पुण्या-मुंबईला जावे का?
– एक विद्यार्थिनी, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : पदार्थ तोच ठेवा, पण विषय ज्या स्वरूपात सुचवला आहे त्या स्वरूपात घेऊ नका. रंगाच्या द्रावणात पूड टाकली, दिव्याखाली ठेवली आणि रंग गेला, असे सांगणारे शोधनिबंध इतके झाले आहेत की केवळ नवी पूड तयार केल्याने ज्ञानात भर पडत नाही. शिवाय रंग जाणे म्हणजे रेणू नष्ट होणे नव्हे. तो कणांच्या पृष्ठभागावर अधिशोषित झालेला, म्हणजे नुसता चिकटलेला, असू शकतो, क्षपण होऊन (इलेक्ट्रॉन मिळून) रंगहीन रूपात द्रावणातच राहिलेला असू शकतो. आणि मेथिलीन ब्लू स्वतःच 664 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषत असल्यामुळे पूड नसतानाही प्रकाशात त्याचे थोडे विघटन होते. म्हणून अंधारातील चाचणी, पुडीविना प्रकाशातील चाचणी आणि द्रावणातील एकूण सेंद्रिय कार्बनचे मापन, या तिन्हींशिवाय केलेला विघटनाचा दावा मी तरी मान्य करणार नाही.

संशोधनाला पदार्थाइतकाच प्रश्नही लागतो. उदाहरणार्थ, पाण्यातील आर्सेनेट (आर्सेनिकचे ऑक्सिजनयुक्त रूप) लोहाच्या ऑक्साइडच्या पृष्ठभागाशी नेमके कसे बांधले जाते, आणि त्याच्याशी रचनेने मिळतेजुळते असलेले फॉस्फेट पाण्यात आले की ते बंधन किती टिकते, हे विचारता येईल. आर्सेनिक आणि लोह यांच्या अणूंमधील अंतर क्ष-किरण शोषणाच्या वर्णपटावरून काढता येते आणि त्याची सोय आपल्या इंदूरमध्येच आहे. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील ‘इंडस-2’ या 172.5 मीटर परिघाच्या कड्यात 2.5 अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरतात आणि त्यांच्यापासून मिळणारे प्रखर क्ष-किरण अशा मापनांसाठी वापरले जातात. खंडवा रोडवर विद्यापीठाच्या आवारात असलेली यूजीसी-डीएई (विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांची) संस्था तर विद्यापीठांतील संशोधकांना अशी उपकरणे वापरता यावीत, याच हेतूने उभी आहे. मार्गदर्शकामार्फत तेथे अर्ज करावा लागतो. सिमरोलला आयआयटी आहे. तेव्हा केवळ उपकरणांसाठी गाव सोडण्याचे कारण नाही. आपल्या प्रश्नावर मनापासून काम करणारा मार्गदर्शक अन्यत्र असेल, तर मात्र अवश्य जावे.

प्रश्न : सहअवक्षेपणाने (लोहाच्या क्षारांच्या द्रावणात अल्कली मिसळून) मी मॅग्नेटाइट या लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडचे कण तयार केले. त्यांचा आकार एक्सआरडीवरून (क्ष-किरणांच्या विवर्तनावरून) 11 नॅनोमीटर, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली 25 ते 30 आणि डीएलएसने (द्रवातील कणांनी विखुरलेल्या प्रकाशावरून) 180 नॅनोमीटर आला. यांतला कोणता आकडा प्रबंधात द्यावा?
– एक संशोधक विद्यार्थी, इंदूर

उत्तर : तिन्ही द्यावेत, कारण ती तीन वेगळ्या गोष्टींची मापे आहेत. एक्सआरडीतील शिखराच्या रुंदीवरून शेररच्या सूत्राने मिळते ती एकसंध स्फटिकखंडाची लांबी. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो तो कण, जो अनेक खंडांचा मिळून झालेला असू शकतो. आणि डीएलएस द्रवात हलणाऱ्या पुंजक्याचा, त्याच्याभोवतीच्या द्रवाच्या थरासकट, व्यास सांगते. आपले आकडे परस्परविरोधी नाहीत. ते एकत्र वाचले तर कण बहुस्फटिकी आहेत आणि पाण्यात ते गोळा होतात, असे दिसते. ही माहिती दडवण्याजोगी नाही, उलट मोलाची आहे.

शेररचे सूत्र वापरताना एक पथ्य पाळावे. तांब्याचे क्ष-किरण वापरले, तर 35.5 अंशांजवळचे शिखर 11 नॅनोमीटरच्या खंडांमुळे सुमारे 0.76 अंश रुंद होते. पण खंड 50 नॅनोमीटरचे असतील तर ती रुंदी जेमतेम 0.17 अंश भरते, म्हणजे उपकरणाच्या स्वतःच्या रुंदीच्या फार जवळ येते. म्हणून प्रमाण नमुन्यावर उपकरणाची रुंदी मोजून ती वजा केल्याविना मोठ्या कणांसाठी हे सूत्र वापरू नये. स्फटिकजालातील ताणानेही शिखर रुंदावते, परंतु तो परिणाम कोनानुसार वेगळ्या रीतीने वाढत असल्यामुळे रुंदी आणि कोन यांचा संबंध मांडणाऱ्या विल्यमसन-हॉल आलेखाने तो वेगळा काढता येतो.

मला खरी काळजी वाटते ती आपण लिहिलेल्या नावाची. मॅग्नेटाइट आणि त्याच्या ऑक्सिडीकरणाने होणारे मॅगहेमाइट यांच्या एकक कोशिकेची (स्फटिकात पुन्हापुन्हा येणाऱ्या घटकाची) बाजू अनुक्रमे 0.840 आणि 0.835 नॅनोमीटर आहे. इतक्या रुंद शिखरांतून हा फरक निश्चित करता येत नाही. बारीक मॅग्नेटाइट हवेत सहज ऑक्सिडीकृत होते. पूड काळी होती आणि वाळवल्यावर तपकिरी झाली असेल, तर केवळ एक्सआरडीच्या आधारे तिला मॅग्नेटाइट म्हणू नये. लोहाच्या अणूंची अवस्था गॅमा किरणांच्या शोषणावरून सांगणारा मॉसबॉर वर्णपट घ्यावा, आणि तोही कमी तापमानाला, कारण सामान्य तापमानाला एवढे लहान स्फटिकखंड बहुधा अतिअनुचुंबकीय वर्तन करतात, म्हणजे त्यांच्या चुंबकत्वाची दिशा झपाट्याने बदलत राहते, आणि वर्णपटातल्या रेषा अस्पष्ट होतात. पुढच्या प्रत्येक प्रकरणातील युक्तिवाद या ओळखीवर उभा राहणार असल्याने हे काम सर्वांत आधी उरकावे.

प्रश्न : मुलगा या विषयात पीएच.डी. करू म्हणतो. किती वर्षे लागतील, आणि तोवर त्याचा खर्च भागेल का?
– एक पालक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार किमान 3 आणि कमाल 6 वर्षे, पुढे मुदतवाढीची तरतूद आहे. सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली, तर जानेवारी 2023 पासूनच्या दरांनुसार पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि त्यानंतर प्रगती समाधानकारक ठरल्यास 42,000 रुपये मिळतात; नियमांप्रमाणे घरभाडे भत्ता वेगळा. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापून आणण्याची सक्ती यूजीसीने याच नियमांत काढून टाकली असली, तरी संस्था स्वतःची अट घालू शकते, म्हणून प्रवेशापूर्वी ती लेखी विचारून घ्यावी. जेआरएफशिवाय प्रवेश मिळत असेल, तर शिष्यवृत्ती कोणत्या निधीतून आणि किती काळ मिळणार, हेही त्याच वेळी विचारावे. प्रकल्पाचा निधी प्रबंधाच्या आधी संपला, तर मुलाला अर्धे काम हातात घेऊन नोकरी शोधावी लागेल.